सतरा टक्के आणि रूट कार्ड

गुरुवार होता. चिंचवडच्या एमआयडीसीत गुरुवारची सुट्टी, म्हणून मामा घरी सापडले. एरवी निवृत्त होऊनही ते रोज सकाळी डबा घेऊन एका ओळखीच्या वर्कशॉपमध्ये तपासणीला जातात. मोरया गोसावींच्या मंदिराकडे जाणाऱ्या रस्त्यावर त्यांचं घर आहे. मी शिवाजीनगरहून लोकलनं आले, तेव्हा ते पुढच्या खोलीत टेबलाशी बसले होते. समोर चष्मा, पेन्सिल आणि प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये एक रिपोर्ट.

"सूनबाईनं दिलाय," ते म्हणाले. "तुलाच दाखवायला सांगितलंय. ती आत पडलीये जरा."

मला माहीत होतं. दीड वर्षात तिला दोनदा दिवस गेले, आणि दोन्ही वेळा तिसरा महिना पुरा व्हायच्या आत सगळं संपलं. घरात त्यावर कोणी बोलत नव्हतं.

रिपोर्टमधली एक ओळ ठळक छापली होती. एनके पेशी, सीडी३ ऋण, सीडी५६ धन, सीडी१६ धन : १७ टक्के. शेजारी संदर्भ मर्यादा : १२ पर्यंत. त्या सतरावर कुणीतरी शाईनं वर जाणारा बाण काढला होता.

"हे बघ," मामा म्हणाले, "मला यातली बायॉलॉजी कळत नाही. पण टॉलरन्स कळतो. बारापर्यंत चालतं, सतरा आलंय. माझ्या टेबलावर असा जॉब आला असता तर लाल रंग लावून बाजूला ठेवला असता. डॉक्टर म्हणतात, या पेशी जास्त आहेत, त्या गर्भावर हल्ला करतात, तर पुढच्या वेळी त्यांना दाबणारी औषधं देऊ. मला तर सरळ दिसतंय."

"मला दिसत नाही, मामा."

"का? तू तर याच पेशी रोज मोजतेस. पोटापाण्याचा धंदाच तो तुझा. मग तुझी मोजणी खरी आणि ही खोटी?"

प्रश्न रास्त होता. पुण्यातल्या एका प्रयोगशाळेत मी फ्लो सायटोमीटरवर काम करते. म्हणून मी त्यांना आधी आमचं काम सांगितलं. जांभळ्या बुचाच्या नळीत रक्त येतं. त्यात प्रतिपिंडं घालायची. प्रत्येक प्रतिपिंड पेशीच्या अंगावरचा एकच रेणू ओळखतं आणि त्याला जाऊन चिकटतं. प्रत्येकाला वेगळा चमकणारा रंग जोडलेला असतो. वीस मिनिटं अंधारात ठेवायचं, तांबड्या पेशी फोडून टाकायच्या, आणि उरलेल्या पेशी एकामागून एक लेसरच्या झोतासमोरून सोडायच्या. प्रत्येक पेशी पडद्यावर एक ठिपका होते. हजारो ठिपक्यांचे ढग तयार होतात. सीडी३ नसलेला आणि सीडी५६ असलेला ढग दिसला, की त्या एनके पेशी. सीडी३ असेल तर ती टी पेशी, ती वेगळी.

"म्हणजे गो–नो गो गेज," मामा म्हणाले. "बसलं तर पास."

"नाही, तिथेच घोटाळा होतो. त्या ढगाकडे नीट बघितलं की तो एकच नसतो. खाली मोठा ढग असतो, सीडी५६ मंद चमकणारा. त्याच्या वर, थोडा सुटा, एक लहानसा पुंजका, सीडी५६ लखलखणारा. रक्तात साधारण दहातल्या नऊ पेशी मंद, एक लखलखती. मंदवाल्यांवर सीडी१६ भरपूर असतं. त्या मारण्यात तरबेज, पेशीच्या आत परफोरिन आणि ग्रॅन्झाइमची भरलेली कोठारं घेऊन फिरतात. लखलखत्या पेशींवर सीडी१६ जवळजवळ नसतंच. त्या मारण्यापेक्षा निरोप पाठवण्यात पुढे, इंटरफेरॉन गॅमा सोडून बाकीच्यांना जागं करतात. लसीका ग्रंथीत बहुतेक याच असतात. तुमच्या रिपोर्टवर या दोघींना एका टोपलीत टाकलंय का वेगळं मोजलंय, तेही स्पष्ट नाही. सीडी१६ धन लिहिलंय, म्हणजे मंदवाल्या धरल्या असाव्यात."

त्यांनी पेन्सिलीनं कागदाच्या कडेला दोन वर्तुळं काढली, एक मोठं, वर एक लहान.

"हे सीडी सीडी काय आहे पण?"

ते मला सांगायला आवडतं. सत्तरच्या दशकाच्या शेवटी प्रत्येक प्रयोगशाळा आपापलं प्रतिपिंड बनवत होती आणि आपापलं नाव देत होती. एकच रेणू तीन ठिकाणी तीन नावांनी. १९८२ साली पॅरिसला सगळे जमले, प्रतिपिंडं एकमेकांची ताडून पाहिली, आणि एकाच रेणूला धरणाऱ्या प्रतिपिंडांच्या झुपक्याला एक क्रमांक द्यायचं ठरलं. सीडी म्हणजे तो झुपका. ज्याला आता सीडी५६ म्हणतात तो कुणाकडे लिउ-१९ होता, कुणाकडे एनकेएच-१. मागाहून कळलं की चेतापेशी ज्या रेणूनं एकमेकींना धरून राहतात, तोच हा.

"आमच्याकडेही तेच," मामा म्हणाले. "प्रत्येक कंपनीचा पार्ट नंबर वेगळा, जॉब तोच. पण नंबर एक झाला म्हणून जॉब चांगला ठरत नाही."

"तेच म्हणतेय मी."

"नाही, तू ते म्हणत नाहीस." ते पुढे सरकले. "तू म्हणतेस खुणा बोलतात. आणि वर म्हणतेस या आकड्यावर विश्वास ठेवू नका. दोन्ही एका तोंडानं कसं चालेल? मार्किंगशिवाय शॉप चालत नाही, पोरी. रूट कार्ड नसेल तर जॉब कुठल्या ऑपरेशनला आहे हे कोण सांगणार?"

रूट कार्ड हा त्यांचा शब्द मला हवाच होता. एनके पेशींवरच्या खुणांचं मोल बहुतांशी तेच आहे : पेशी वाटेवर कुठवर आली, हे त्या सांगतात. अस्थिमज्जेतल्या मूळ पेशीवर सीडी३४ असतं. ती रक्तातून लसीका ग्रंथीत, टॉन्सिलमध्ये जाते. २००५-०६च्या सुमारास अमेरिकेतल्या ओहायोमध्ये फ्रॉइड आणि कालिजिउरी यांनी शस्त्रक्रियेत काढून टाकलेल्या टॉन्सिलमधून या पेशी वेचल्या आणि टप्पे लावले. आधी सीडी३४ असतं आणि सीडी११७ उगवतं. मग सीडी३४ जातं. मग सीडी९४ येतं, आणि ते आलं की पेशी एनके म्हणून ओळखू येते, ही लखलखती अवस्था. पुढे सीडी५६ मंदावतं, सीडी१६ येतं. त्यानंतर एनकेजी२ए हा लगाम हळूहळू सुटतो, केआयआर नावाचे दुसरे लगाम बसतात. अगदी शेवटी सीडी५७. सीडी५७ आलेली पेशी फारशी विभागत नाही, सायटोकाइनच्या, म्हणजे निरोप्या रेणूंच्या, हाकेला कमी ओ देते, पण प्रतिपिंड लागलेली पेशी समोर आली तर चोख मारते. या सगळ्या प्रवासाला आयएल-१५ हे सायटोकाइन लागतं. ते नसेल तर पेशी जगतच नाहीत.

"लगाम कशाला?" मामांनी मध्येच विचारलं.

"आपल्या जवळजवळ प्रत्येक पेशीवर एचएलए नावाची ओळखपट्टी असते. एनकेचा लगाम ती पट्टी धरतो आणि पेशी गप्प बसते. विषाणू शिरला किंवा कर्करोग झाला, की पुष्कळदा ती पट्टी गळते. टी पेशीला मग काही दिसत नाही. एनकेला मात्र नसणंच दिसतं. स्वीडनमधल्या क्लास कॅरे यांनी १९८६ साली हे दाखवलं."

मामा थोडा वेळ गप्प राहिले. नंतर म्हणाले, "हे छान आहे. नसणं पकडणारा इन्स्पेक्टर. जो भाग यायला हवा तो आलाच नाही, हे पकडायला फार अनुभव लागतो."

मग ते स्वतःच्या मुद्द्यावर परतले. त्यांचं म्हणणं असं, की मी सांगितलं ते सरळ ऑपरेशन १०, २०, ३० आहे. फोर्जिंग आलं, टर्निंग झालं, हार्डनिंग झालं, ग्राइंडिंग झालं. तेव्हा मंद पेशी जास्त म्हणजे तयार माल जास्त, आणि मारणारा तयार माल जास्त म्हणजे धोका.

"वाट इतकी सरळ आहे का, यावरच आमच्यात वाद आहे," मी म्हटलं. "लखलखतीतून मंद होते, याला पुरावे आहेत. गुणसूत्रांची टोकं प्रत्येक विभाजनाला झिजतात. ती टोकं मंद पेशींत जास्त आखूड सापडली, म्हणजे त्या वयानं मोठ्या. मज्जा प्रत्यारोपणानंतरही रक्तात आधी लखलखत्या येतात, मंद मागून. पण २०१४ साली अमेरिकेत सिंथिया डनबार यांच्या गटानं माकडांवर एक प्रयोग केला. प्रत्येक मूळ पेशीच्या जनुकांत वेगळा बारकोड घातला, ती माकडात परत सोडली, आणि महिनोन्‌महिने बघत राहिले की कुठल्या बारकोडपासून काय तयार होतंय. माणसातल्या मंद गटाशी जुळणाऱ्या पेशींचे बारकोड बाकीच्यांशी जुळेचनात. त्यांचं मूळ वेगळं दिसलं."

मामांचे डोळे चमकले. "हीट नंबर!"

मला कळलं नाही.

"पोलाद वितळवतात ना, प्रत्येक वितळीला एक नंबर असतो, हीट नंबर. तो बारवर, मग फोर्जिंगवर पंच करतात. एकदा आमच्याकडे दोन लॉट आले. ड्रॉइंग एक, माप एक, हार्डनेस एक. रॉकवेलवर दोन्ही साठ. एका लॉटचे शाफ्ट क्रॅक व्हायला लागले, दुसऱ्याचा एकही नाही. आम्ही आठवडाभर मशीन बघतोय, कूलंट बघतोय. शेवटी पंच वाचला, तर हीट वेगळी. वरून काही कळत नव्हतं."

हे ऐकताना मला वाटलं, मी दहा वर्षं जे शिकतेय ते या माणसाला एका शब्दात माहीत आहे. सीडी१६ असलेल्या दोन पेशी दोन वाटांनी तिथे पोचलेल्या असू शकतात. शिवाय आमचा पंच पुसलाही जातो. एनके पेशी कामाला लागली की एका विकरानं अंगावरचं सीडी१६ कापून टाकते. त्या क्षणी मोजलं तर ती कच्ची वाटेल, प्रत्यक्षात ती नुकतीच लढून आलेली असते.

"म्हणजे तुझं म्हणणं, खुणा बघूच नयेत?" मामा परत अडले.

"बघाव्यात, पण आत काय आहे तेही बघावं. तुम्ही केस डेप्थ कशी बघता?"

"जॉब कापावा लागतो. तुकडा पॉलिश करायचा, अ‍ॅसिड लावायचं, मग कडेची काळपट पट्टी दिसते. वरचा साठ आकडा बघून आतलं कळत नाही."

मी त्यांना परळची गोष्ट सांगितली. केईएमच्या आवारात राष्ट्रीय प्रतिरक्षा-रक्तशास्त्र संस्था आहे, आयसीएमआरची. तिथे ताप हटत नाही, प्लीहा वाढलीय, रक्तपेशी घसरताहेत, अशा लहान मुलांचं रक्त येतं. संशय असतो एचएलएच नावाच्या जीवघेण्या आजाराचा. त्यातल्या एका जन्मजात प्रकारात एनके पेशी मोजल्या तर पुरेशा भरू शकतात. सीडी५६ आहे, सीडी१६ आहे, वरून पेशी पूर्ण तयार. मग पेशीला सूक्ष्म भोकं पाडून आतल्या परफोरिनला रंग लावतात, आणि ते तिथे नसतंच. हत्यारच नाही. परफोरिनच्या जनुकातला दोष १९९९ साली सापडला. दुसऱ्या प्रकारात परफोरिन असतं, पण कोठार पेशीच्या पृष्ठभागापर्यंत येऊन उघडत नाही. तिथे सीडी१०७ए ही खूण बघतात, कारण ती कोठार उघडल्यावरच वर येते. या चाचण्यांवर त्या मुलाला मज्जा प्रत्यारोपण हवं का नको हे ठरतं.

"तिथे आमच्या खुणा जीव वाचवतात, मामा. कारण प्रश्न नेमका असतो आणि खूण त्याच प्रश्नाची असते. इथे प्रश्न गर्भाशयाचा आणि रक्त कोपरातून घेतलेलं."

"पण रक्त सगळीकडे तेच फिरतं ना?"

"रक्त फिरतं, तिथल्या पेशी वेगळ्या. आणि रक्तातला आकडाही स्थिर नसतो. माणूस पळाला, जिना चढला, घाबरला, तर काही मिनिटांत रक्तवाहिन्यांच्या भिंतींना टेकलेल्या मंद पेशी सुटून प्रवाहात येतात. टक्केवारी चढते. तास-दोन तासांत उतरते. तिचं सॅम्पल घेतलं तेव्हा ती बसली होती का धावत आली होती, यानंही फरक पडतो."

मामा रिपोर्ट उलटसुलट करून बघत होते. वेळेचा रकाना रिकामा होता.

तरी त्यांनी हार मानली नाही, आणि त्यांचा पुढचा मुद्दा मला खोडता आला नाही. ते म्हणाले, "तू प्रयोगशाळेत बसतेस, तुला थांबणं परवडतं. ती पोरगी रात्री दोन वाजता उठून बसते. माझा मुलगा काही बोलत नाही. लाइन बंद पडली की शॉपमध्ये कोणी म्हणत नाही की अजून अभ्यास व्हायचाय. काहीतरी करतात. डॉक्टर निदान काहीतरी करायला तयार आहेत. तुझ्याकडे तिला द्यायला काय आहे?"

मी म्हटलं, युरोपातल्या प्रजननतज्ज्ञांच्या एश्रे या संस्थेनं २०१७च्या मार्गदर्शक सूत्रांत लिहिलंय, की वारंवार गर्भपात झालेल्या स्त्रियांची एनके चाचणी, रक्तातली असो वा गर्भाशयाच्या अस्तरातली, करा असं सांगायला पुरेसा पुरावा नाही. केंब्रिजच्या अ‍ॅशली मॉफेट यांनी तर २००४ सालीच दोन सहकाऱ्यांबरोबर ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये या चाचण्यांविरुद्ध लिहिलं होतं. आणि प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं म्हणजे पाणी नव्हे. त्यांची किंमत असते, पैशातलीही आणि शरीरावरचीही.

"हे झालं काय करू नये ते," मामा म्हणाले. "मी विचारलं, द्यायला काय आहे."

तेवढ्यात आतला पडदा हलला. सूनबाई दारात उभी होती. झोपली नव्हतीच. किती वेळ ऐकत होती कोण जाणे. तिनं मामांकडे बघितलं नाही, माझ्याकडे बघितलं.

"ताई, मी नेटवर नाव वाचलं. नॅचरल किलर. माझ्याच पेशींनी मारलं का त्यांना?"

मामांनी मान खाली घातली. मी उठून तिच्याजवळ गेले. तिला आत न नेता तिथेच टेबलाशी बसवलं, मामांसमोर, कारण हे त्यांनीही ऐकायला हवं होतं.

मी तिला सांगितलं, ते नाव १९७५ सालचं आहे. स्टॉकहोममध्ये किसलिंग, क्लाइन आणि विगझेल, आणि अमेरिकेत हर्बरमन यांना दिसलं की काही पेशी आधी काहीच न शिकवता काचेच्या भांड्यातल्या कर्करोगाच्या पेशी मारतात. म्हणून नॅचरल किलर. त्या वेळी गर्भाशयाचा विचारही कुणाच्या मनात नव्हता. नाव चिकटलं ते चिकटलंच.

"आणि गर्भाशयात?"

"दिवस राहिल्यावर पहिल्या काही आठवड्यांत गर्भाशयाच्या अस्तरात जितक्या पांढऱ्या पेशी असतात, त्यातल्या दहातल्या सात एनके असतात. प्रत्येक बाईत. जिला सात मुलं झाली तिच्यातही. त्यांच्यावर सीडी५६ इतकं लखलखतं, की रक्तातल्या लखलखत्या पेशीही फिक्या पडाव्यात. सीडी१६ नसतं. तुझ्या रिपोर्टात मोजलेल्या पेशी आणि या पेशी एक नाहीत गं. या तिथे मारायला जमत नाहीत. आईच्या धमन्या तिथे नागमोडी आणि अरुंद असतात. या पेशी वारेच्या पेशींबरोबर त्या धमन्यांच्या भिंती सैल करतात, रुंद करतात, म्हणजे बाळाकडे रक्त भरपूर जावं. मॉफेट यांच्या गटानं २००४ साली दाखवलं, की आईच्या पेशींवरच्या केआयआर आणि बाळाच्या एचएलएची एक विशिष्ट जोडी जमली, तर गरोदरपणात रक्तदाब चढण्याचा धोका वाढतो. त्या जोडीत आईच्या पेशींना फार लगाम बसतो. म्हणजे त्या कमी काम करतात तेव्हा अडचण येते."

ती बराच वेळ काही बोलली नाही. ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत राहिली.

"मग का गेली दोन्ही?"

"मला माहीत नाही. पहिल्या तीन महिन्यांतले पुष्कळ गर्भपात गर्भाच्या गुणसूत्रांत चूक झाल्यानं होतात. त्यात आईनं काही केलेलं नसतं, आईच्या पेशींनीही नाही. आणि कारण न सापडलेल्या बहुतेक जणींना पुढे मूल होतं. हे मी तुला बरं वाटावं म्हणून सांगत नाहीये."

मामा उठले. खिडकीपाशी जाऊन उभे राहिले, परत आले, खुर्ची ओढली.

"रविवारी अपॉइंटमेंट आहे," ते म्हणाले. "काय विचारायचं ते सांग. मी लिहितो."

मी सांगत गेले. थायरॉइड तपासलं का. रक्त गोठवणाऱ्या अँटिफॉस्फोलिपिड प्रतिपिंडांची चाचणी झाली का, आणि बारा आठवड्यांनी परत झाली का. गर्भाशयाची ठेवण सोनोग्राफीत नीट पाहिली का. दुसऱ्या वेळच्या गर्भाच्या ऊतीची गुणसूत्र तपासणी करता आली होती का. मामा एकेक ओळ लिहीत होते, त्यांच्या त्या इन्स्पेक्शन रिपोर्टच्या उभ्या, सुट्या अक्षरांत.

चार झाल्यावर मी थांबले. ते थांबले नाहीत. पेन्सिलीला टोक केलं, आणि पाचवी ओळ स्वतःच्या मनानं लिहिली. मग सूनबाईकडे वळून विचारलं, "त्या दिवशी लॅबला कशी गेली होतीस तू?"

"रिक्षा मिळाली नाही. चापेकर चौकातून चालत गेले, उशीर होत होता म्हणून जवळजवळ पळतच. लिफ्ट बंद होती, तिसरा मजला."

मामांनी तेही लिहिलं. कागद माझ्याकडे सरकवला. पाचवी ओळ होती : बारापर्यंत ही मर्यादा किती स्त्रियांवर, गरोदर की नसलेल्या, दिवसाच्या कोणत्या वेळी, बसवून की चालवून. खाली छोट्या अक्षरात, रिमार्कच्या रकान्यात लिहावं तसं : सॅम्पल चालत येऊन, जिना चढून, लगेच घेतलं.